मालकाच्या बाजूची खुर्ची

बाबा माझ्याकडे नेदरलँड्समध्ये, एनस्खेडेला आले ते तीन महिन्यांसाठी. पाचव्या आठवड्यात विमानं बंद झाली, माझी लॅब बंद झाली, आणि एका अरुंद दुमजली घरात आम्ही बापलेक समोरासमोर उरलो. आई सांगलीलाच होती. आजीला, म्हणजे तिच्या आईला, एकटं सोडता येत नाही म्हणून ती आलीच नव्हती. मी विद्यापीठात संशोधनाची नोकरी करत होते आणि दोन वर्षं एकटीने सुखात राहिले होते. तेहतीस वर्षांच्या बाईला वडिलांबरोबर कोंडून ठेवणं ही काय शिक्षा असते, याची मला तोवर कल्पना नव्हती.

बाबा साखर कारखान्यात बॉयलर फिटर होते आणि बावीस वर्षं तिथल्या कामगार युनियनचे चिटणीस. फिटर निवृत्त होतो, चिटणीस होत नाही. लॉकडाऊनच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या फ्रिजवर मागणीपत्र लागलं. विषय : घरातील कामकाजाबाबत. दहाचा चहा दहालाच मिळावा. व्हिडिओ कॉलवर असताना 'बाबा, हळू' असं हातवारे करून सांगण्याची पद्धत अपमानास्पद असल्याने ती बंद व्हावी. सुपरमार्केटमधून आणलेलं तिखट हे तिखट नसून रंग आहे, याची व्यवस्थापनाने नोंद घ्यावी. खाली सही, तारीख आणि सात दिवसांची मुदत. मी चिडून कागद फाडला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी त्याची प्रत हजर. मूळ मागणीपत्र मालकाच्या हातात कधी देत नसतात म्हणे.

त्याच आठवड्यात बाबांना अध्यक्ष सापडले.

अध्यक्ष म्हणजे आमचे शेजारी, चौऱ्याऐंशी वर्षांचे एक जर्मन गृहस्थ. जर्मनीची सीमा तिथून सायकलने अर्ध्या तासावर, त्यामुळे गावात जर्मन माणूस असण्यात नवल नव्हतं. उतारवयात एका डच बाईवर जीव जडला म्हणून ते इकडे राहायला आले, आणि ती गेल्यावर तिच्या घरात एकटेच राहिले. दोन वर्षांत माझं त्यांच्याशी बोलणं झालं होतं ते कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, एवढ्यापुरतं. त्या सकाळी ते शिडीवर चढून पन्हाळीतली पानं काढत होते आणि शिडी लटपटत होती. बाबांनी कुंपण ओलांडून खालून शिडी धरली. दीड मीटर अंतराचा नियम होता. शिडी चार मीटरची आहे, सबब नियम मोडलेला नाही, असं दोघांचं लगेच एकमत झालं.

हे एकमत कुठल्या भाषेत झालं ते सांगायला हवं. अध्यक्ष इंग्रजी शिकले ते कामगारांच्या आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये. बाबा शिकले ते लेबर कमिशनरच्या पत्रव्यवहारातून. त्यामुळे दोघांच्या इंग्रजीत 'दूध संपलंय' किंवा 'आज गार आहे' अशी वाक्यंच नव्हती. कुंपणाच्या एका बाजूने 'विथ रेफरन्स टू युवर लॅडर' असं यायचं आणि दुसरीकडून 'सन्माननीय प्रतिनिधींच्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे' असं उत्तर. पहिल्या दिवशी मी भाषांतर करायला धावत गेले. दोघांनी मला हाताने थांबवलं, तेही अगदी मी बाबांना कॉलवरून थांबवायचे तसंच. त्यापुढे माझी गरज फक्त कोणी आपापल्या भाषेत घसरलं की लागायची. बाबा त्यांना अध्यक्ष म्हणायचे आणि ते बाबांना कलीग. आमच्या घरीही मग हेच नाव रुळलं.

रोज सकाळी साडेसातला दोघं फिरायला निघायचे, रस्त्याच्या दोन कडांनी, मोठमोठ्याने बोलत. दुपारी बाबा फोनवर आईला अध्यक्षांचं चरित्र सांगायचे. मला ते चरित्र असं, आईला सांगितलेलंच कळलं. चौदाव्या वर्षी पोलाद कारखान्यात लेथवर उमेदवार. सोळाव्या वर्षी फोरमनने कानाखाली मारली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत बिअरच्या खोक्यावर चढून पहिलं भाषण. मग युनियन, मग जिल्ह्याचे अध्यक्ष, मग हिवाळ्यात सहा आठवड्यांचा संप, आणि तो जिंकल्यावर सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने दिलेली उमेदवारी. तीन वेळा राज्याच्या विधिमंडळात. "आणि एवढं करून मालकाच्या बाजूच्या खुर्चीवर एकदाही बसला नाही," बाबा आईला सांगायचे. "कारखान्याने डायरेक्टर करतो म्हटलं होतं. नाही बसला." आई म्हणायची, "बरं. तुम्ही गोळी घेतली का?"

विधिमंडळातल्या अध्यक्षांच्या आयुष्याचं सार एका मागणीत होतं. पाळी संपल्यावर कामगाराला हात धुवायला लागणारी मिनिटं कामाच्या वेळेत धरावीत. या विषयावर ते एकदा चाळीस मिनिटं बोलले होते. त्यांच्याच पक्षातले लोक हसले होते म्हणे. आता टीव्ही लावला की पंतप्रधान, डॉक्टर, झाडून सगळे हात धुवा म्हणून सांगत होते. अध्यक्षांना त्या साथीत एवढं एक सुख मिळालं. ते टीव्हीकडे बोट दाखवून म्हणायचे, "हाच माझा ठराव!" आणि बाबा आमच्या मोरीत वीसऐवजी चाळीस सेकंद हात धुवायचे, त्यांना पाठिंबा म्हणून. माझं पाण्याचं बिल युनियनने भरलं नाही.

अध्यक्षांना एक मुलगी होती. सीमेपलीकडे तासाभरावर राहायची, शाळेत मुख्याध्यापिका होती आणि दर रविवारी यायची. उन्हाळ्यात तिने विषय काढला. तिच्या गावात एक चांगला वृद्धाश्रम आहे, वडिलांनी तिथे यावं. तिचं काही चुकत नव्हतं. शिडीचं तिला कळलं होतं. शिवाय एकदा गॅसवर अंडी ठेवून अध्यक्ष बागेत भाषणाचे मुद्दे काढत बसले होते, तेही तिला कळलं होतं. पण अध्यक्षांना आपलं घर सोडायचं नव्हतं. मला त्यांनी एकदाच, मान खाली घालून सांगितलं, "जिच्यासाठी मी इथे आलो, तिचा कोट जिन्यात अजून टांगलेला आहे. तिकडे कोट टांगायला जागा नाही." मग लगेच सावरून म्हणाले, "आपण वाटाघाटी करू."

आणि खरंच केल्या. चार रविवार, त्यांच्या मागच्या अंगणात, टेबलाच्या दोन बाजूंना. एका बाजूला मुलगी. दुसऱ्या बाजूला अध्यक्ष आणि त्यांचे सल्लागार म्हणून आमचे बाबा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. मी टोकाला, इतिवृत्त लिहायला. अध्यक्षांचे नियम ठरलेले होते. दहा मागायचं म्हणजे सहा मिळतं. रागाने उठून जायचं असेल तर आधी टोपी कुठे ठेवली आहे ते बघून ठेवायचं. आणि बोलणी चालू असताना मालकाचं काही खायचं नाही. पहिल्याच रविवारी मुलीने सफरचंदाचा केक आणला. अध्यक्षांनी ढुंकून पाहिलं नाही. बाबांनी दोन तुकडे खाल्ले. अध्यक्षांनी इतिवृत्तात नोंदवायला लावलं की कामगारांच्या बाजूचा एक प्रतिनिधी विकत घेतला गेला आहे, आणि त्याला डायबेटीसही आहे.

तिसऱ्या रविवारी मुलगी चिडली. "मी जन्मले तेव्हा तुम्ही कारखान्याच्या गेटवर होतात," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मला बघायला आलात. आयुष्यभर तुम्ही जगाची काळजी घेतलीत, आता मला तुमची घेऊ द्या ना!" अध्यक्षांनी टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाले, "नोंद घेण्यात आली आहे." मला इतका राग आला त्यांचा. पण उठताना त्यांना टोपी कुठे ठेवली आहे ते सापडेना, तेही मी पाहिलं.

चौथ्या रविवारी करार झाला. अध्यक्षांनी शिडी सोडली, मोटार सोडली, गॅस सोडून विजेची शेगडी घ्यायचं मान्य केलं. बदल्यात घर राहिलं. एकच अट होती. रोज सकाळी आणि संध्याकाळी कोणीतरी त्यांना प्रत्यक्ष भेटायचं, आणि दुपारचं जेवण त्यांच्याबरोबर घ्यायचं. ते कोणीतरी म्हणजे बाबा. तसं नावानिशी कलमात लिहिलं. हे झालं नाही तर अध्यक्ष वृद्धाश्रमात जातील. सह्या झाल्या. केक संपला.

दोघांनी मिळून साठेक वर्षं करार वाचण्यात घालवली होती. स्वल्पविरामावरून मालकांना घाम फोडला होता. आणि या दोन धुरंधरांनी त्या कलमात मुदतच घातली नव्हती. बाबा पाहुणे आहेत, त्यांचा व्हिसा आहे, त्यांचं परतीचं तिकीट आहे, हे त्या टेबलावर एकालाही आठवलं नाही. इतिवृत्त लिहिणारीलाही नाही.

शरद ऋतूत विमानं हळूहळू सुरू झाली. एका शनिवारी आईचा फोन आला. ती कधी काही मागत नाही. इतके महिने रोज 'येतील तेव्हा येतील' म्हणत होती. त्या दिवशी म्हणाली, "अगं, आईला रात्री उचलावं लागतं, आणि माझा गुडघा... पाठव ना त्यांना." एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. मी त्याच तासाला तिकीट काढलं, जवळपास तीन आठवड्यांनंतरचं.

बाबांनी तिकीट पाहिलं, चष्मा पुसला आणि वर गेले. अर्ध्या तासाने फ्रिजवर नोटीस लागली. शेजारील कामगाराच्या हक्कांची पर्यायी व्यवस्था होईपर्यंत खाली सही करणारे सदर विमानात बसणार नाहीत. चौदा दिवसांची कायदेशीर संपाची नोटीस. मी म्हटलं, "बाबा, आई रडत होती."

"मी तिच्याशी बोलेन."

"काय बोलाल?"

"सांगेन, अजून थोडे दिवस."

मी पर्याय द्यायचा प्रयत्न केला. संध्याकाळी मी जाईन म्हटलं. पण लॅब आता पाळ्यांमध्ये उघडली होती आणि मला सकाळी सात ते दुपारी दोनची पाळी मिळाली होती. मुलीला भीती होती ती नेमकी सकाळची. मग मी ओरडले. हे असले हट्ट करायला तुम्ही लहान आहात का, तिकडे आईने एकटीने किती करायचं, असं सगळं बोलले. बाबा शांतपणे म्हणाले, "आवाज चढवणं हे व्यवस्थापनाचं नेहमीचं लक्षण आहे." हसावं की डोकं आपटावं, मला कळेना.

शेवटी त्यापुढच्या रविवारी दुपारी बैठक ठरली, माझ्या अंगणात. मी मालक, बाबा कामगार. बाबांनी आपल्या शेजारी अध्यक्षांसाठी खुर्ची मांडली आणि ती पुसून घेतली. अध्यक्ष काठी टेकत आले. कोट, टाय, हातात फाइल. टेबलाजवळ थांबले. मग वळसा घालून माझ्या बाजूला आले, आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

बाबांना वाटलं, म्हाताऱ्याला उन्हामुळे दिसलं नाही. त्यांनी हाताने इकडची खुर्ची दाखवली. अध्यक्षांनी मान हलवली आणि फाइलमधून एक कागद काढून टेबलावर सरकवला. तो वृद्धाश्रमाचा अर्ज होता. सही झालेली होती, खोली ठरली होती, दीड आठवड्याने मुलगी न्यायला येणार होती. ते त्यांच्या परिषदेच्या इंग्रजीत म्हणाले की वादाचं कारणच आता अस्तित्वात नाही, सबब संप बेकायदेशीर आहे.

बाबा त्या कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांच्या तोंडून मराठी निघालं. "फितूर," ते म्हणाले. "आयुष्यभर नाही बसलास त्या बाजूला. आज बसलास. फितूर साला."

"प्रतिनिधी काय म्हणाले?" अध्यक्षांनी मला विचारलं.

"त्यांना फार वाईट वाटतंय, असं म्हणाले."

"नाही," अध्यक्ष म्हणाले. "हा शब्द मला बऱ्याच भाषांत ऐकावा लागला आहे. म्हणताना तोंड असंच होतं. जसाच्या तसा लिहून घे." मी लिहून घेतला. मग ते माझ्याकडे वळून डचमध्ये बोलू लागले, कारण त्यांच्या इंग्रजीत हे सांगायला शब्दच नव्हते. "कलीगला सांग, आमचा संप सहा आठवडे चालला. बायकोचे दिवस भरत आले होते. ती दर रविवारी विचारायची, आणि मी सांगायचो, अजून एकच आठवडा. आम्ही संप जिंकलो. तिने पुढे कधी तक्रार केली नाही. त्यामुळे मला कधी माफीही मागता आली नाही."

मी सांगितलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं. बाबा उठले, घरात गेले आणि फ्रिजवरची नोटीस काढून माझ्यासमोर आणून ठेवली. अध्यक्षांकडे न पाहता ते वर निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून बाबा अध्यक्षांच्या घरी सामान बांधायला जाऊ लागले. बोलणं नाही, नुसतं बांधणं. मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डोकावले तर पुस्तकांचं एकच खोकं भरलेलं. बाबा एक पुस्तक उचलत, पुसत, उलटसुलट बघत, कागदात गुंडाळत, पुन्हा सोडून नीट गुंडाळत. माझ्या लक्षात आलं की हा गो-स्लो आहे, संप न करता मुद्दाम रेंगाळत काम करण्याचा. अध्यक्षांच्या तर पहिल्याच तासाला लक्षात आलं असणार, त्यांनी असे कितीतरी चालवले होते. ते समोर बसून दोरीच्या गाठी सोडवत होते. एक गाठ, मग कॉफी, मग दुसरी गाठ. नऊ दिवसांत दोघांनी मिळून सहा खोकी भरली. बाबांच्या हिशेबाने त्या वेगाने घर रिकामं व्हायला पुढचा गणपती उजाडला असता.

ठरल्या दिवशी मुलगी आली. तिने बाह्या सरसावल्या आणि उरलेलं घर पाऊण तासात भरलं.

दोघं म्हातारे फुटपाथवर उभे होते. करायला काहीच उरलं नव्हतं. मुलीने जिन्यातला कोट आणून मागच्या सीटवर ठेवला, घडी न घालता, नीट पसरून. अध्यक्ष गाडीत बसायला वळले तेव्हा बाबांनी घसा खाकरला.

"विथ रेफरन्स टू द लास्ट मीटिंग," ते म्हणाले. "मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करायचं राहिलं आहे. माझी एक दुरुस्ती आहे. माझ्या तोंडचा एक शब्द वगळण्यात यावा."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भाषांतराची गरजच नव्हती. "अनुमोदन," ते म्हणाले. "दुरुस्ती एकमताने मंजूर." आणि मास्क वर ओढून गाडीत बसले, कारण तो डोळ्यांपर्यंत ओढता येत होता.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना विमानतळावर सोडलं. आईला किती हायसं वाटलं ते फोनवर तिच्या आवाजातच कळत होतं. मुलीला वडील जवळ मिळाले होते. मला माझं घर परत मिळालं होतं, आणि कॉलवर कोणालाही हातवारे करायचे राहिले नव्हते. माझं सगळं म्हणणं मान्य झालं होतं. त्या दोघांनी जन्मभर मालकांशी झगडे केले, पण जिंकून घरी गेल्यावर मालक काय करतो हे त्यांना कधी पाहायला मिळालं नव्हतं. मी स्टेशनवरून सायकलने आले, शेजारच्या अंधाऱ्या खिडक्यांसमोर थोडा वेळ थांबले, आणि मग घरात शिरून, बूटही न काढता, बाबांच्या खोलीतल्या पलंगावर बसून मोठमोठ्याने रडले.